पान, आसेइते, पाताता : स्पॅनिश अन्नशब्दांचा इतिहास

स्पॅनिश भाषेच्या प्रारंभिक पाठ्यपुस्तकात अभिवादने आणि अंक संपले की लवकरच खाण्यापिण्याच्या वस्तूंची नावे येतात. पाव म्हणजे ‘पान’, दूध म्हणजे ‘लेचे’, चीज म्हणजे ‘केसो’, तांदूळ म्हणजे ‘आरोस’, साखर म्हणजे ‘आसूकार’, तेल म्हणजे ‘आसेइते’, संत्रे म्हणजे ‘नारांखा’, टोमॅटो म्हणजे ‘तोमाते’ आणि बटाटा म्हणजे ‘पाताता’ असे शब्द तेथे एकाखाली एक मांडलेले असतात, आणि नवख्या विद्यार्थ्याला ते सगळे एकाच घरातले, एकाच वयाचे वाटतात. प्रत्यक्षात त्यांतले काही दोन हजार वर्षांपूर्वी रोमन सैन्याबरोबर आले, काही अरबी बोलणाऱ्या शेतकऱ्यांनी पाटाच्या पाण्याबरोबर आणले, तर काही अटलांटिकपलीकडच्या बेटांवरून आणि डोंगरांवरून गलबतांतून आले. राज्य कोणाचे होते हे बखरी आणि शिलालेख सांगतात, परंतु पेरायला, शिजवायला आणि खायला कोण कोणाकडून शिकले हे अशा शब्दांवरूनच कळते. आणि स्पॅनिशच्या बाबतीत हे शिकणे बहुधा सत्तेच्या उलट दिशेने झाले, म्हणजे रणांगणावर जिंकणारा स्वयंपाकघरात आणि मळ्यात शिकाऊ ठरला. (येथे दिलेले उच्चार अमेरिका खंडातल्या बहुसंख्य स्पॅनिश भाषकांचे आहेत, स्पेनच्या बहुतेक भागात ‘आरोस’ किंवा ‘आसूकार’ यांतल्या ‘स’च्या जागी ‘थ’च्या जवळचा घर्षक ध्वनी ऐकू येतो.)

सर्वांत खालचा थर लॅटिनचा आहे. इ. स. पू. २१८ मध्ये कार्थेजविरुद्धच्या दुसऱ्या युद्धाच्या निमित्ताने रोमन फौजा आयबेरियन द्वीपकल्पात उतरल्या आणि पुढच्या काही शतकांत तेथल्या बहुतेक स्थानिक भाषा मागे पडून बोली लॅटिन रुजली. पाव, मद्य, मीठ, मध, लसूण, कांदा, अंडे, दूध आणि चीज या भूमध्य प्रदेशाच्या मूळ आहाराची नावे याच थरातली आहेत, मात्र हजार वर्षांच्या बोलण्याने त्यांतली कित्येक झिजून ओळखू न येण्याइतकी बदलली. ही झीज नियमाने झाली. संस्कृत ‘दुग्ध’ मधले जोडाक्षर प्राकृतातून झिजत मराठीत ‘दूध’ झाले, त्याच न्यायाने लॅटिन ‘लाक्ते’ मधल्या ‘क्त’चा स्पॅनिशमध्ये ‘च’ होऊन ‘लेचे’ हा शब्द तयार झाला. शब्दारंभीचा ‘फ’ आधी ‘ह’ झाला आणि मग उच्चारातून गळाला, म्हणून पिठाला लॅटिनमध्ये असलेले ‘फारीना’ हे नाव ‘आरीना’ झाले आणि अंजिराचे ‘फीकुस’ हे ‘ईगो’ झाले; लेखनात ‘ह’चे अक्षर अजून टिकून आहे, पण ते उच्चारले जात नाही. यकृताला स्पॅनिशमध्ये ‘ईगादो’ म्हणतात तेही अंजिरामुळेच, कारण रोमन लोक अंजिरे चारून पुष्ट केलेल्या जनावराचे यकृत आवडीने खात, त्याला ‘अंजिरी यकृत’ म्हणत, आणि कालांतराने त्यातला ‘यकृत’ हा शब्द गळून ‘अंजिरी’ एवढेच अवयवाचे नाव होऊन बसले.

लॅटिन संपून तिची लेक कोठे सुरू झाली हे दाखवणाऱ्या अगदी जुन्या कागदांपैकी एक कागद खाद्यवस्तूंची यादीच आहे, ही गोष्ट या विषयात विशेष महत्त्वाची मानली पाहिजे. लेओन शहराजवळ रोसुएला येथे एक मठ होता, आणि तेथे कोठाराचा हिशेब पाहणाऱ्या हिमेनो नावाच्या साधूने दहाव्या शतकाच्या शेवटच्या चतुर्थांशात, साधारण ९७४ ते ९८० या काळात, एका दानपत्राच्या पाठीमागच्या कोऱ्या जागेवर मठातल्या चीजचा हिशेब टिपून ठेवला : द्राक्षमळ्यात काम करणाऱ्यांसाठी किती गेले, राजा रोसुएलाला आला तेव्हा किती खर्ची पडले, अशा स्वरूपाची ती नोंद आहे. चर्मपत्राच्या दर्शनी बाजूचे दानपत्र रीतसर लॅटिनमध्ये आहे, पण पाठीमागे साधूने व्याकरणाची फिकीर केलेली नाही. त्याच्या तोंडी जी बोली होती तीच लेखणीतून उतरली, आणि म्हणून ‘नोदिसिआ दे केसोस’ म्हणजे ‘चीजची नोंद’ या नावाने ओळखला जाणारा हा तुकडा आज भाषाभ्यासकांना मौल्यवान वाटतो. मूळचा तो लेओनच्या बोलीतला, म्हणजे ज्या कास्तिलच्या बोलीची आजची स्पॅनिश झाली तिच्या सख्ख्या शेजारणीचा. परंतु त्यातला ‘केसोस’ हा शब्द आजचा विद्यार्थी पहिल्याच आठवड्यात शिकतो.

दुसरा थर अरबीचा असून तो या साऱ्या इतिहासाचा सर्वांत समृद्ध भाग आहे. ७११ मध्ये तारिकच्या नेतृत्वाखाली उत्तर आफ्रिकेतून आलेल्या फौजांनी द्वीपकल्पात प्रवेश केला आणि काही वर्षांत त्याचा मोठा भाग मुस्लिम सत्तेखाली गेला. १४९२ च्या जानेवारीत ग्रनादा पडेपर्यंत, क्षेत्र आक्रसत का होईना, ही सत्ता टिकली. या काळात शेतीचे रूप पालटले. ऊस, भात, लिंबूवर्गीय फळे, वांगी, पालक अशी उष्ण आणि ओलिताच्या प्रदेशांतली पिके रुजली, ९६१ चे म्हणून ओळखले जाणारे कोर्दोबाचे पंचांग शेतीच्या कामांचे वेळापत्रक महिन्यांनुसार मांडू लागले, आणि बाराव्या शतकात सेव्हिलच्या इब्न अल्-अव्वाम याने कृषिविद्येवर मोठा ग्रंथ लिहिला. पिके आली त्यांच्याबरोबर पाण्याचे शब्दही आले : पाटाला स्पॅनिशमध्ये आजही ‘आसेकिआ’ म्हणतात आणि पाणी उपसणाऱ्या रहाटाला ‘नोरिआ’, आणि दोन्ही शब्द अरबी आहेत. बालेन्सिआ शहरात तुरिआ नदीच्या पाटांवरचे शेतकऱ्यांनी निवडलेले प्रतिनिधी दर गुरुवारी दुपारी कॅथीड्रलच्या दारात बसून पाणीवाटपाचे तंटे तोंडी सुनावणीने मिटवतात. २००९ मध्ये युनेस्कोने अमूर्त वारशात समाविष्ट केलेली ही सभा म्हणजे त्या पाटांच्या व्यवस्थेचे आजही चालू असलेले रूप आहे. त्याच बालेन्सिआच्या दक्षिणेला ज्या सरोवराभोवती भात पिकतो त्याचे नाव ‘आल्बुफेरा’ हे ‘लहान समुद्र’ या अर्थाच्या अरबी शब्दावरून पडले आहे, आणि तेथल्या प्रसिद्ध ‘पाएया’ या भाताला मात्र त्याच्या पसरट कढईचे लॅटिन कुळातले नाव मिळाले आहे, म्हणजे धान्याचा शब्द अरबी आणि भांड्याचा लॅटिन असा तो संगम आहे.

अरबी थरातले शब्द ओळखण्याची एक सोपी खूण आहे. अरबीत नामापूर्वी ‘अल्’ हे निश्चिततादर्शक उपपद लागते, आणि पुढचा वर्ण दंत्य किंवा तत्सम असेल तर ‘ल्’ त्या वर्णात विरघळतो, म्हणून ‘अल्’ आणि ‘सुक्कर’ मिळून ‘अस्सुक्कर’, ‘अल्’ आणि ‘रुझ्झ’ मिळून ‘अर्रुझ्झ’ असे उच्चार होतात. स्पॅनिशने नाम आणि उपपद यांची फोड न करता सबंध उच्चारच उचलला, आणि त्यातून ‘आसूकार’ आणि ‘आरोस’ तयार झाले. इटालियनमध्ये साखरेला ‘झुक्केरो’ म्हणतात, त्यात हे उपपद नाही. उपपद कोठे संपते आणि शब्द कोठे सुरू होतो याचा विचार व्याकरण पाहणारा करतो, शेजाऱ्याचे बोलणे ऐकणारा करत नाही; म्हणून उपपदासकट आलेले हे शब्द पोथीतून नव्हे, तर बाजारात आणि बांधावर कानांनी टिपले गेले असे मानणे सयुक्तिक आहे.

तेलाचा शब्द या दृष्टीने थोडा थांबून पाहण्यासारखा आहे. ऑलिव्हच्या झाडाला स्पॅनिशमध्ये ‘ओलीबो’ म्हणतात आणि तो शब्द लॅटिन आहे, त्याच झाडाच्या फळाला मात्र ‘आसेइतूना’ म्हणतात आणि तो अरबी आहे, आणि फळातून निघणाऱ्या तेलाला ‘आसेइते’ म्हणतात तोही अरबीच. लॅटिनचा तेलवाचक शब्द ‘ओलेओ’ या रूपात उरला, पण तो धार्मिक विधीतल्या पवित्र तेलापुरता आणि चित्रकाराच्या तैलरंगापुरता. स्वयंपाकघरातून तो हद्दपार झाला. ‘आसेइते’चा संबंध मुळात ऑलिव्हशी असला तरी आज सूर्यफुलाच्या तेलालाही ‘आसेइते’च म्हणावे लागते, आणि ऑलिव्हचे तेल वेगळे सांगायचे तर ‘आसेइते दे ओलीबा’ असे अरबी आणि लॅटिन जोडून ऑलिव्हचा दोनदा उच्चार करावा लागतो. मराठी वाचकाला यात नवल वाटू नये, कारण ‘तैल’ म्हणजे मुळात तिळाचे, आणि तरीही मराठीत शेंगदाण्याचे, करडईचे आणि खोबऱ्याचे तेल असते, इतकेच नव्हे तर ‘तिळाचे तेल’ असेही सहज म्हटले जाते.

अरबांनी आणलेल्या यातल्या कित्येक वस्तू त्यांच्याही आधी भारतातून इराणमार्गे पश्चिमेकडे गेल्या होत्या, त्यामुळे स्पॅनिश यादीत मराठीचे दूरचे आप्त अनपेक्षितपणे भेटतात. संस्कृत ‘शर्करा’ हा शब्द मूळचा खडे किंवा वाळू या अर्थाचा. तो प्राकृतातून मराठीत ‘साखर’ म्हणून आला आणि फारसी ‘शकर’ व अरबी ‘सुक्कर’ या वाटेने स्पेनमध्ये ‘आसूकार’ झाला. ‘नारंग’ मराठीत ‘नारिंग’ झाले आणि तिकडे ‘नारांखा’. संस्कृत ‘वातिंगण’ फारसीत ‘बादिंगान’, अरबीत ‘बाधिंजान’ आणि स्पॅनिशमध्ये ‘बेरेनखेना’ झाले, आणि मराठीतले ‘वांगे’ही त्याच कुळातले मानले जाते. या शब्दांतला ‘ख’ मराठी कानाला खटकतो, पण तो उशिराचा आहे. मध्ययुगीन स्पॅनिशमध्ये त्या जागी ‘ज’ आणि ‘झ’च्या जवळपासचा ध्वनी होता, आणि सोळाव्या-सतराव्या शतकांत तो घशाकडे सरकत ‘ख’ झाला, म्हणजे तेराव्या शतकातल्या बाजारात ‘नारांजा’सारखा उच्चार ऐकू आला असता. कलिंगडाची गोष्ट तर अधिकच वेधक आहे. स्पॅनिशमध्ये त्याला ‘सांदीआ’ म्हणतात, आणि अरबीतून आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ ‘सिंधची’ असा आहे. मराठी ‘कलिंगड’ शब्दात संस्कृत ‘कालिंग’ म्हणजे कलिंग देशाचे नाव दडलेले आहे. एकाच फळाला एका टोकाला सिंधचे आणि दुसऱ्या टोकाला कलिंगाचे नाव मिळावे, म्हणजे ज्याला ते ज्या दिशेकडून आले त्याने ते तिकडचे ठरवावे, हा नामकरणाचा फार जुना रिवाज आहे. चिंचेला स्पॅनिशमध्ये ‘तामारिंदो’ म्हणतात, ते अरबी ‘तम्र हिंदी’, म्हणजे ‘हिंदी खजूर’.

अरबी शब्द जिभेवर कितीही रुळले तरी त्यांचे मूळ लोकांच्या ध्यानात होते. सेर्व्हान्तेसने ‘दोन किखोते’ ही कादंबरी सीदे आमेते बेनेन्खेली नावाच्या काल्पनिक अरब इतिहासकाराच्या तोंडी घातली आहे, आणि १६१५ च्या दुसऱ्या भागात सांचो पान्सा ते नाव चुकून ‘बेरेनखेना’ म्हणजे ‘वांगे’ असे घेतो. वांगी आणि अरब यांचे नाते वाचकाला ठाऊक असल्याशिवाय हा विनोद उभाच राहत नाही. परंतु हा विनोद छापला गेला तेव्हा एक मोठी शोकांतिका नुकतीच घडून गेली होती. मुस्लिम पूर्वजांच्या, सक्तीने ख्रिस्ती केल्या गेलेल्या ‘मोरिस्को’ समाजातल्या सुमारे तीन लाख लोकांना १६०९ ते १६१४ या वर्षांत स्पेनमधून घालवून देण्यात आले, आणि त्यांत बालेन्सिआच्या पाटांवरचे कसलेले शेतकरी फार मोठ्या संख्येने होते. ही हद्दपारी चालू असतानाच, १६११ मध्ये, सेबास्तिआन दे कोबारुबिआस याचा कास्तिली भाषेचा कोश प्रसिद्ध झाला आणि त्यात रोजच्या वापरातल्या कित्येक शब्दांचे अरबी मूळ नोंदवलेले होते. माणसे बंदरांवरून जहाजांत चढवली जात होती आणि त्यांचे शब्द कोशात स्थिर होत होते. भाषेच्या इतिहासातला हा प्रसंग मनाला लागल्याशिवाय राहत नाही.

शब्द शिकण्याच्या याद्यांचा इतिहासही याच काळाशी जोडलेला आहे. ग्रनादा जिंकल्यावर तेथल्या लोकांना धर्म शिकवण्यासाठी पाद्र्यांना त्यांची भाषा येणे आवश्यक झाले, आणि पेद्रो दे आल्काला याने १५०५ मध्ये स्पॅनिश शब्दांचे अरबी प्रतिशब्द रोमन लिपीत देणारा कोश छापला. उलट दिशेने, म्हणजे परक्यांनी स्पॅनिश शिकण्यासाठी केलेल्या पुस्तकांत नोएल दे बेर्लेमों याच्या संभाषणपुस्तकाचा मान मोठा आहे. मूळ पुस्तक फ्लेमिश आणि फ्रेंच भाषांचे होते, फ्लँडर्स स्पेनच्या राजघराण्याच्या अमलाखाली असल्याने व्यापाऱ्यांना स्पॅनिशची गरज वाटू लागली, आणि लूव्हँ येथे १५५१ मध्ये निघालेल्या आवृत्तीत लॅटिनबरोबर स्पॅनिशचा स्तंभ आला. पानावर चार भाषा शेजारीशेजारी छापलेल्या या पुस्तकाचा पहिला संवाद दहा माणसांच्या जेवणाचा आहे. व्यापाऱ्याने दर आणि वजने यांच्याही आधी पाव मागायला शिकावे, हा क्रम आजच्या पाठ्यपुस्तकांनी सोडलेला नाही.

तिसरा थर अमेरिकेचा. १४९२ च्या ऑक्टोबरात कोलंबस कॅरिबियन बेटांवर पोहोचला तेव्हा त्याच्यासमोर अशा वनस्पती आल्या ज्यांना युरोपच्या कोणत्याच भाषेत नाव नव्हते, आणि अशा प्रसंगी कोणतीही भाषा तीनपैकी एक वाट धरते : परक्याचे नाव जसेच्या तसे घेते, आपल्या जुन्या वस्तूचे नाव नव्या वस्तूला लावते, किंवा वर्णन करून नवे नाव घडवते. स्पॅनिशने पहिल्या दोन वाटा भरपूर वापरल्या. अननसाचा आकार पाइन वृक्षाच्या शंकूसारखा दिसला, म्हणून शंकूचे ‘पीन्या’ हे नाव त्याला मिळाले. मिरचीबद्दल १४९३ च्या जानेवारीतल्या नोंदीत कोलंबसने लिहिले आहे की तेथे पुष्कळ ‘आखी’ आहे, तीच त्या लोकांची मिरी आहे आणि ती मिरीपेक्षा सरस आहे. ‘आखी’ हा बेटांवरच्या ताइनो लोकांचा शब्द, आणि तो दक्षिण अमेरिकेच्या मोठ्या भागात आजही चालतो. पण स्पेनमध्ये मिरीच्या ‘पिमिएंता’ या नावावरूनच ‘पिमिएंतो’ हे मिरचीवर्गाचे नाव घडले. मराठीने पुढे तेच केले, ‘मिरी’वरून ‘मिरची’.

ताइनोंकडून स्पॅनिशने मक्याला ‘माईस’, भुईमुगाला ‘मानी’, रताळ्याला ‘बाताता’, कसाव्याच्या कंदाला ‘यूका’ अशी नावे घेतली. ही भाषा बोलणारा समाज रोगराई, सक्तीची मजुरी आणि हिंसा यांमुळे अवघ्या पन्नास-साठ वर्षांत उद्ध्वस्त झाला. त्याची भाषा कोणी पुरती लिहून ठेवली नाही, तिचे व्याकरण आज सांगता येत नाही, आणि तिच्यातले जे थोडे शब्द वाचले त्यांत जेवणाचे शब्द ठळक आहेत.

मेक्सिकोत परिस्थिती थोडी वेगळी होती. १५२१ मध्ये तेनोच्तित्लान पडल्यावर तेथल्या नाहुआत्ल भाषेचा अभ्यास पाद्र्यांनी कसून केला. लहानपणी मेक्सिकोत आलेला आणि तेथल्या मुलांबरोबर खेळताना ही भाषा शिकलेला आलोन्सो दे मोलिना याचा कोश १५५५ मध्ये मेक्सिकोतच छापला गेला. नाहुआत्ल नामांच्या शेवटी येणारा ‘त्ल’ हा प्रत्यय स्पॅनिश जिभेवर ‘ते’ होतो, म्हणून ‘तोमात्ल’चे ‘तोमाते’ झाले आणि ‘आवाकात्ल’चे ‘आग्वाकाते’ म्हणजे अव्होकाडो. ‘तोमात्ल’ हे मुळात रसाळ गोल फळांचे सामान्य नाव होते आणि लाल टोमॅटोला ‘शितोमात्ल’ असे वेगळे नाव होते. स्पेनने सामान्य नावच उचलले, परंतु मध्य मेक्सिकोत आजही लाल टोमॅटोला ‘खितोमाते’ म्हणतात. त्यातला ‘श’ कालांतराने ‘ख’ झाला तो नारिंगाच्याच ओघात. भुईमुगाला नाहुआत्ल भाषकांनी ‘त्लालकाकावात्ल’ म्हणजे ‘जमिनीतला काकाओ’ म्हटले होते, आणि त्याचे आखूड रूप ‘काकावाते’ मेक्सिकोत चालते. मराठीत ‘भुई’ आणि ‘मूग’ जोडले गेले आणि तेथे ‘भुई’ आणि ‘काकाओ’; एकमेकांचा मागमूस नसलेल्या दोन भाषांनी एकाच शेंगेकडे पाहून वर्णनाची तीच वाट धरली.

बटाटा आंदेस पर्वतातला, आणि केचुआ भाषेत त्याला ‘पापा’ म्हणतात. या भाषेचा पहिला छापील कोश आणि व्याकरण दोमिंगो दे सांतो तोमास याने १५६० मध्ये स्पेनमधल्या बायादोलीद येथे प्रसिद्ध केले. लॅटिन अमेरिकेत आणि कॅनरी बेटांवर ‘पापा’ हेच नाव राहिले, पण स्पेनच्या मुख्य भूमीत आधीच पोहोचलेल्या ‘बाताता’शी, म्हणजे रताळ्याशी, त्याची गल्लत होऊन ‘पाताता’ हा संकर जन्मला. म्हणजे ‘पाताता’ हा शब्द एकमेकींपासून फार दूर असलेल्या दोन भाषांच्या मिश्रणातून झालेला आहे, आणि पाठ्यपुस्तके तोच एकटा शब्द पहिल्या यादीत देतात तेव्हा शिकणाऱ्याची गैरसोय होते. बहुसंख्य स्पॅनिश भाषक ‘पापा’ म्हणतात, तेव्हा दोन्ही शब्द आरंभीच एकत्र द्यायला हवेत. घेवड्यासारख्या शेंगांच्या दाण्यांना तर स्पेनमध्ये ‘खुदीआ’ आणि ‘आलूबिआ’, मेक्सिकोत ‘फ्रिखोल’ आणि आर्जेंटिना-चिलेकडे ‘पोरोतो’ म्हणतात, आणि त्यांतला ‘आलूबिआ’ हा अरबी ‘अल्-लूबिया’ असून उत्तर भारतात चवळीला म्हणतात त्या ‘लोबिया’चा भाऊ आहे.

अमेरिकेतले हे शब्द कोकणपट्टीवर आले ते पोर्तुगीजांमार्फत, परंतु गोव्याचा स्पॅनिशशी एक थेट धागाही आहे. सालामांका आणि आल्काला या स्पॅनिश विद्यापीठांत शिकलेला वैद्य गार्सिया दा ओर्ता याने १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या ग्रंथात इथल्या वनस्पतींची नावे वेगवेगळ्या भाषांत नोंदवली; पुढे क्रिस्तोबाल दे आकोस्ता याने, जो स्वतः गोव्यात येऊन गेला होता, ओर्ताच्या आधाराने स्पॅनिश ग्रंथ लिहिला आणि तो १५७८ मध्ये बुर्गोस येथे निघाला. भारतीय वनस्पतींची माहिती स्पॅनिश वाचकांकडे गेली ती अशी, आणि उलट दिशेने पोर्तुगीज गलबतांनी अमेरिकेतली रोपे आणि नावे पश्चिम किनाऱ्यावर उतरवली. पोर्तुगीज ‘बताता’ या रूपातून ताइनो शब्द मराठीत ‘बटाटा’ झाला, आणि रताळ्याचे हे नाव येथे मात्र आंदेसच्या कंदाला कायमचे चिकटले.

एकादशीला केल्या जाणाऱ्या साबुदाण्याच्या खिचडीत हे सारे एका कढईत येते. साबुदाणा भारतात कसाव्याच्या, म्हणजे स्पॅनिश ‘यूका’च्या, कंदातल्या पिठाचा करतात, पण त्याचे नाव मलय ‘सागू’ या निराळ्याच झाडाच्या पिठावरून आलेले आहे. बटाट्याचे नाव परक्याकडून जसे मिळाले तसे घेतले, मिरचीचे जुन्या मिरीवरून लावले, आणि कूट होऊन पडलेल्या दाण्यांचे ‘भुईमूग’ हे वर्णनाने घडवले. फोडणीतले जिरे तेवढे कोलंबसापूर्वीचे, आणि त्याला स्पॅनिशमध्ये ‘कोमीनो’ म्हणतात तो शब्द त्या भाषेत लॅटिनपासूनच आहे.